हात लावण्यापूर्वी



सुट्टीत आपली बरीच कुटुंबे फूलबागेतील चिडियाघर पाहायला जातात. माधवराव महाराज शिंदे यांनी १९२२ मध्ये सुरू केलेले हे आजचे गांधी प्राणी उद्यान. येथे प्राणी जाळीबाहेरूनच पाहायचे. मोठ्या शहरांत मात्र इग्वाना हातात व मकाव पोपट खांद्यावर देणारी छोटी प्राणिघरे निघाली आहेत. मुले विचारतात, "तिथे चालते, मग इथे का नाही?"

पहिले कारण आरोग्याचे. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या वा इग्वानाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात. तो हात तोंडात गेला की ताप, जुलाब होतात. पाच वर्षांखालील मुलांना धोका अधिक. म्हणूनच अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवे पाळण्यासाठी विकण्यास बंदी आहे.

दुसरे कारण प्राण्याचे. इग्वाना हातात निश्चल बसतो, तो पुष्कळदा भीतीने. आपण त्याला माया समजतो. चिडियाघरात प्राण्यांना डिवचणे, खाऊ टाकणे तर कायद्याने गुन्हाच आहे.

तरीही अशा ठिकाणी गेलात, तर २०२२ च्या कायदादुरुस्तीप्रमाणे विदेशी प्राण्यांची नोंदणी केली आहे का, हे अवश्य विचारा. लहानग्यांच्या हाती प्राणी देऊ नका. बाहेर पडताच सर्वांनी साबणाने हात धुवावेत, मगच डबा उघडावा.