जुने ग्राफिक्स कार्ड आणि नवा प्रोसेसर

‘बॉटलनेक’ (जोडीतल्या संथ भागामुळे एकूण वेगावर येणारी मर्यादा) म्हटले की अनेकांना वाटते, जुन्या ग्राफिक्स कार्डाला ताकदवान प्रोसेसर जोडला तर कार्ड खराब होते. तसे होत नाही. गेममधल्या प्रत्येक फ्रेमची (पडद्यावरच्या एका चित्राची) आखणी प्रोसेसर करतो, ती रंगवते कार्ड. लाटणारी कितीही चपळ असो, तव्यावरून उतरतील तेवढ्याच पोळ्या पानात पडतात. लाटणारीला मध्ये हात आवरावा लागतो, एवढेच. तवा बिघडत नाही.

‘या जोडीत अमुक टक्के बॉटलनेक’ हा आकडाही फारसा कामाचा नाही, कारण तो गेमगणिक बदलतो. २०१६ चे जीटीएक्स १०६० घ्या. फ्रेमवरची मर्यादा (व्ही-सिंक) बंद करून गेमचे रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम भराभर वाढल्या तर अडवणूक कार्डाची होती. जवळपास तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसरची.

या कार्डाला सहा कोरचा रायझन ५ ५६०० पुरून उरतो. पुढे कार्ड बदलायचे नसेल तर त्याहून महाग घेण्यात अर्थ नाही. एक गोष्ट मात्र पाहावी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असते, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. ५६०० मध्येही ते नाही, ५६००जी मध्ये आहे. इतके जुने कार्ड कधी मान टाकेल सांगता येत नाही, आणि तेव्हा प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल तरच मॉनिटरची वायर थेट मदरबोर्डला लावून काम चालवता येते.