मेळघाटातून अकोटच्या सपाटीपर्यंत : कोरकूंच्या भूमीचा इतिहास

अकोला जिल्ह्यातील अकोट शहराच्या उत्तरेला सातपुड्याची जी निळसर रांग दिसते, ती वऱ्हाडच्या लिखित इतिहासात प्रामुख्याने किल्ले, सुभे आणि लढाया यांच्या निमित्ताने येते. त्या रांगेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांचा, विशेषतः कोरकू या आदिवासी समाजाचा, इतिहास मात्र सपाटीवरच्या वाचकापर्यंत क्वचितच पोहोचला आहे. गेल्या दोन दशकांत मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील अनेक गावे उठून अकोट आणि तेल्हारा तालुक्यांत वसल्यामुळे हा इतिहास आता अकोटच्या वेशीपर्यंत आला आहे. डोंगर आणि सपाटी यांचे नाते आजवर कोणाच्या शर्तींवर ठरत आले, हे समजून घेतल्याशिवाय या नव्या वस्त्यांचे प्रश्न कळणार नाहीत.

डोंगर, पायथा आणि खारपाण

अकोटचा परिसर तीन पट्ट्यांचा आहे. उत्तरेला सातपुड्याच्या गाविलगड रांगेतील साग आणि बांबूचे जंगल आहे. त्याखाली पायथ्याचा सुपीक पट्टा आहे, जिथे संत्री, केळी आणि पूर्वापार पानमळे होत आले. आणि त्याच्याही दक्षिणेला पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूगर्भातील पाणी खारट असते आणि पावसाळ्यात खोल काळ्या मातीचा असा चिखल होतो की शेतात पाय ठेवणे अवघड जाते. विहीर खणूनही गोडे पाणी न लागणाऱ्या या भागातील अनेक गावांची, तसेच अकोट आणि तेल्हारा या शहरांची तहान आज सातपुड्यातून उतरणाऱ्या वान नदीवरील धरण भागवते. सपाटीचे जगणे डोंगरावर किती अवलंबून आहे, हे या एका गोष्टीवरूनही ध्यानात येते.

मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ, एकमेकींत गुंतलेल्या डोंगररांगांचा प्रदेश. सिपना, गडगा, डोलार, खंडू आणि खापरा या त्याच्या नद्या तापीकडे वाहतात. कोरकूंखेरीज गोंड, निहाल, गवळी, बलई असे इतर समाजही येथे राहतात. मात्र संख्येने आणि या भूमीशी असलेल्या नात्याच्या खोलीने कोरकू सर्वांत मोठे ठरतात.

दोन कथांमधला प्रदेश

सपाटीवरील लोकांनी या डोंगरांकडे फार पूर्वीपासून पुराणातील एका राज्याच्या रूपाने पाहिले. चिखलदऱ्याजवळचे वैराट हे महाभारतातील विराट राजाचे नगर, भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत टाकले ती दरी म्हणजेच कीचकदरा, आणि त्याने जिथे हात धुतले ते भीमकुंड, अशी समजूत वऱ्हाडात सर्वत्र आढळते. या कथेत पांडव आहेत, राजा आहे, सेनापती आहे. डोंगरात राहणाऱ्या माणसाला मात्र तिच्यात जागा नाही.

कोरकूंची स्वतःची उत्पत्तिकथा वेगळी आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जाती-जमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ती नोंदलेली आहे. विंध्य आणि सातपुडा निर्मनुष्य पाहून रावणाने महादेवाला तेथे माणसे वसवण्याची विनंती केली. महादेवाने तांबड्या मातीचे वारूळ शोधण्यासाठी कावळ्याला धाडले आणि त्या मातीच्या दोन आकृती घडवल्या. इंद्राच्या घोड्यांनी त्या तुडवल्या, तेव्हा महादेवाने आधी राखणीसाठी कुत्रा घडवला आणि मग पुन्हा स्त्री-पुरुष घडवून त्यांना मूला आणि मुलाई अशी नावे दिली. या कथेत रावण खलनायक नाही. त्याच्याच इच्छेने माणूस या डोंगरांत आला. रावण आणि मेघनाद यांना कोरकू आजही आदराने मानतात. या भूमीत आपण बाहेरून आलेलो नाही, इथल्याच मातीतून घडलो, हा या कथेचा गाभा आहे आणि पुढील सर्व संघर्षांच्या मुळाशी हीच जाणीव आहे.

भाषाही या जुन्या वास्तव्याची साक्ष देते. कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातील मुंडा शाखेची भाषा असून संथाली, मुंडारी या तिच्या भगिनी दूर पूर्वेला झारखंड-ओडिशाकडे बोलल्या जातात. मुंडा भाषांपैकी सर्वांत पश्चिमेची भाषा कोरकूच होय. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून तिचे भाषक सात लाखांहून अधिक आहेत. शेजारच्या निहालांची निहाली ही भाषा तर आणखी विलक्षण आहे. तिच्यात कोरकू, मराठी आणि द्राविडी शब्दांची भर असली, तरी तिचे मूळ शब्दभांडार जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी जुळत नाही. डच अभ्यासक कायपर यांनी १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तिचे भाषक आता थोड्याच हजारांच्या घरात असून ते मुख्यतः बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद भागात आहेत. एकेकाळी या डोंगरांवर निहालांचा वरचष्मा होता आणि पुढे ते कोरकूंचे गडीमाणूस बनले, असे इंग्रजी काळातील नोंदी सांगतात. डोंगरातला इतिहासही उतरंडीपासून मुक्त नव्हता, ही गोष्ट त्यामुळे लक्षात ठेवावी लागते.

किल्ल्यांचे राजकारण

अकोटच्या उत्तरेचा नरनाळा आणि त्याच्या पूर्वेचा गाविलगड हे वऱ्हाडच्या सत्तेचे दोन खांब होते. गाविलगड १४२५ च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशहा याने बांधला आणि नरनाळ्याची डागडुजी केली, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. म्हणजे नरनाळा त्याआधीच उभा होता, आणि लोकपरंपरा त्याचे श्रेय गोंड राजांना देते. मुख्य नरनाळा, पूर्वेचा जाफराबाद आणि पश्चिमेचा तेलियागड असे तीन किल्ले येथे एकाच डोंगरावर आहेत. १४८७ सालचा कोरीव महाकाली दरवाजा आजही पाहणाऱ्याला थांबवतो. १४९० मध्ये फतहुल्ला इमादउल्मुल्क याने वऱ्हाडात इमादशाही स्थापली, पुढे निजामशाही आणि १५९६ मध्ये मोगल आले. अकबराच्या काळच्या ‘आइन-इ-अकबरी’त नरनाळा आणि गाविल ही वऱ्हाड सुभ्यातील सरकारे, म्हणजे महसुली विभाग, म्हणून नोंदली आहेत.

१८०३ सालच्या अखेरीस या परिसराचे भवितव्य बदलले. २९ नोव्हेंबरला अकोटजवळच्या अडगावच्या मैदानात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने भोसले आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ डिसेंबरला देवगावचा आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. एका महिन्यात, काही कोसांच्या टापूत, मध्य भारताचे राजकारण उलटले. पण ज्या घाटवाटांवरून या फौजांची रसद आणि हेर फिरत होते, त्या वाटा राखणाऱ्या डोंगरी लोकांशी कोणताही तह झाला नाही. किल्ला ज्याच्या हाती त्याचा डोंगर, हा समज मात्र कायम राहिला.

राखीव जंगल आणि वनग्राम

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला आणि सत्तेने प्रथमच किल्ल्यांऐवजी झाडांकडे लक्ष वळवले. १८६० च्या दशकात लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोहोचला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वऱ्हाडी कापसाला तेजी आली आणि अकोटसारख्या बाजारपेठा भरभराटीस आल्या. रुळांखालच्या स्लीपरांना आणि वाढत्या गावांना साग लागत होता, आणि तो मेळघाटात उभा होता. इंग्रजी अंमलाने येथील जंगल टप्प्याटप्प्याने राखीव केले आणि वऱ्हाडसाठी १८८६ मध्ये वनांचा स्वतंत्र कायदा झाला.

तोवर कोरकू दह्या पद्धतीची शेती करीत. जंगलाचा तुकडा तोडायचा, उन्हाळ्यात वाळलेले लाकूड जाळायचे, पावसाच्या तोंडावर राखेत कोदो-कुटकीसारखी भरड धान्ये पेरायची आणि काही वर्षांनी जमिनीला विसावा देऊन दुसरीकडे जायचे, अशी ती रीत होती. वनाधिकाऱ्यांना ती सागाची नासाडी वाटली आणि त्यांनी ती बंद पाडली. मात्र जंगलात तोडणी, वणवा विझवणे आणि रस्ते यांसाठी माणसे लागतच होती, म्हणून वनग्रामे वसवली गेली. वनग्राम म्हणजे वनखात्याच्या जमिनीवर, खात्याच्या मर्जीने वसलेले आणि जमिनीच्या बदल्यात खात्याच्या कामाला बांधलेले गाव. ज्या भूमीच्या मातीतून आपण घडलो असे कोरकू मानत, तिच्यावर ते आता परवानगीने राहणारे मजूर झाले. स्वातंत्र्यानंतरही हे नाते बराच काळ बदलले नाही.

व्याघ्र प्रकल्प आणि स्थलांतर

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्प योजनेत देशातील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटची निवड झाली. आज गाभा आणि भोवतालचा भाग मिळून या प्रकल्पाचे क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर असून त्यातील सुमारे १,५०० चौरस किलोमीटर गाभा आहे. या संरक्षणाचे मोल मोठे आहे. वान आणि सिपना यांची पाणलोटे जंगलामुळेच टिकली, आणि उठलेल्या गावांच्या जागी गवताची कुरणे वाढून तेथे हरणे व सांबर परतले. परंतु याच काळात, १९९३ च्या सुमारास, मेळघाटातील बालमृत्यूंची वृत्ते देशभर पोहोचली. कुपोषण, मलेरिया, दवाखान्याचे अंतर आणि हंगामी स्थलांतर ही सारी कारणे एकमेकांत अडकलेली होती. बैरागड येथे अनेक दशके रुग्णसेवा करणारे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारख्यांनी अखंड काम केले, तरी वाघासाठी नियोजन करणाऱ्या शासनाला त्याच जंगलातील बालकासाठी तितक्या नेटाने नियोजन का जमले नाही, हा प्रश्न उरतोच.

गाभा क्षेत्रातील गावे उठवण्याचे काम या शतकाच्या आरंभी कुंड, कोहा आणि बोरी या गावांपासून सुरू झाले. २००८ मध्ये केंद्राने प्रत्येक कुटुंबासाठीचा मोबदला एक लाखावरून दहा लाख रुपये केला. अठरा वर्षांवरील व्यक्तीला स्वतंत्र कुटुंब धरण्याची तरतूदही त्यात होती. त्यानंतर गुल्लरघाट, केलपाणी, धारगड, सोमठाणा, अमोना, नागरतास, बारूखेडा ही गावे डोंगर उतरून अकोट आणि तेल्हारा तालुक्यांत आली. पैसा हाती आला, पण जंगलातला मोह, तेंदूपत्ता, जळण, गुरांचे चराऊ रान आणि नदीतील मासे यांची किंमत त्यात धरलेली नव्हती. अकोटमध्ये जमिनीचे भाव कापूस-संत्र्याच्या बाजाराने ठरतात, तिथे या रकमेत शेत घेणे सोपे नव्हते. जमीन, आरोग्य आणि रोजगार यांची आश्वासने पूर्ण झाली नाहीत, अशी तक्रार करत काही गावांतील लोक पुन्हा जंगलात परतले, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा वन कर्मचारी व पोलिस यांच्याशी संघर्ष होऊन दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले.

मोबदल्याच्या हिशेबात न बसणारी आणखी एक गोष्ट आहे. कोरकू समाजात मृतासाठी सिडोली नावाचा विधी करून सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरलेला सागाचा खांब उभारण्याची प्रथा आहे. त्या खांबाला मुंडा म्हणतात. अशा खांबांची जागा म्हणजे गावाच्या पूर्वजांची जागा. घर आणि विहीर यांची मोजणी होते. पूर्वजांच्या जागेची होत नाही. शासकीय कागदावर स्थलांतर पूर्ण झाले, तरी माणसांचे मन मागेच का राहते, हे यावरून उमगते.

संमतीचा प्रश्न

२००६ च्या वनहक्क कायद्याने प्रथमच मान्य केले की वनवासी समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे, आणि त्यांना शेतजमिनीचे वैयक्तिक तसेच जंगलाचे सामूहिक हक्क देऊ केले. याच वर्षी वन्यजीव कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार व्याघ्र क्षेत्रातून गाव हलवायचे, तर ते स्वेच्छेने आणि ग्रामसभेच्या संमतीने व्हायला हवे. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर या कोरकू गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने उजाड रानात झाडे राखली आणि सीताफळ विकून उत्पन्न उभे केले. २०१४ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. कोरकूंच्या हाती जंगल दिले, की ते नष्ट होते, या दीडशे वर्षांच्या गृहीतकाला मिळालेले हे उत्तर आहे.

स्वेच्छा मात्र कागदावरच्या सहीने सिद्ध होत नाही. ज्या गावात रस्ता, वीज आणि दवाखाना दशकानुदशके पोहोचला नाही, त्या गावाने स्थलांतराला होकार दिला, तर तो होकार हक्कातून आला की अभावातून, हे तपासणे शासनाचे कर्तव्य आहे. डोंगरात राहणाऱ्यांना आधी सुविधा आणि वनहक्क देऊन मगच जाण्या-राहण्याचा पर्याय विचारला, तरच ती संमती खरी म्हणता येईल. आणि जे उतरून आले, त्यांच्याबाबत अकोटचे उत्तरदायित्व वेगळे आहे. ते या तालुक्याचे पाहुणे नाहीत, तर नागरिक आहेत. त्यांच्या मुलांना शाळेच्या पहिल्या वर्षांत कोरकू समजणारा शिक्षक मिळावा, जंगलातील पूर्वजांच्या जागी जाण्याचा त्यांचा वार्षिक हक्क मान्य व्हावा, आणि नरनाळ्याच्या दरवाज्यांचा इतिहास शिकवताना त्या डोंगरात राहिलेल्या माणसांचाही शिकवला जावा, इतके तरी अकोटने मागितले पाहिजे. डोंगराचे पाणी पिणाऱ्या सपाटीने डोंगराच्या माणसांचे हे म्हणणे आपले म्हणून मांडले, तर सहा शतके त्यांच्याशिवाय होत आलेले निर्णय प्रथमच त्यांच्यासह होऊ लागतील.