लहान गाडी, मोठा कार्ब्युरेटर

रांजणगावीं फियाट इंडियाचा कारखाना असल्यानें आमच्या दारांतली जुनी पद्मिनी तेथलीच, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतली. तेथें निघणाऱ्या फियाट ११०० लाच १९७४ त हें नांव मिळालें. इंजिन अवघें १०८९ घन सेंटिमीटरांचें. गाडी आमच्या ज्येष्ठ बंधूंची, त्यांच्या पश्चात् ती विकावी असें घरांत ठरत असतां नातवानें हट्ट धरिला, "आजोबा, मोठा कार्ब्युरेटर बसवूं, मग ती घाटांत दमणार नाहीं!"

आम्हांस यंत्रविद्येचा गंध नाहीं. मिस्त्रींनीं समजाविलें तें असें. कार्ब्युरेटरचा गळा मध्यें निरुंद असतो. तेथें हवा वेगानें वाहते, दाब उतरतो, व जेट नामक बारीक छिद्रांतून पेट्रोल ओढलें जातें. गळा रुंद केल्यास भरधाव जातांना इंजिनास श्वास अधिक मिळतो. परंतु मंद गतींत हवेचा जोर ओसरतो, पेट्रोल नीट मिसळत नाहीं आणि गाडी अडखळते.

शिवाय जागा! मिस्त्रींनीं नव्या कार्ब्युरेटरच्या माथ्यावर शाडूचा गोळा ठेवून (शाडू अर्थातच गणेशचतुर्थीचा उरलेला) बॉनेट हलकेच मिटलें. उघडून पाहतों तों गोळ्याची पापडी! मग वर हवेच्या गाळणीस ठाव कोठून? बॉनेटास भोंक पाडणें वहिनींस सर्वथा अमान्य.

अखेर जुनाच कार्ब्युरेटर उघडून धुतला, जेट साफ केले, गॅस्केट बदललें. दुसरे दिवशीं वहिनी त्याच गाडींतून महागणपतीच्या दर्शनास जाऊन आल्या. विकण्याची गोष्ट तूर्त निघालेली नाहीं. घाटांत ती अजून दमतेच, अशी नातवाची तक्रार आहे.

"ह्यांच्या वेळींही दमत असे," वहिनी म्हणाल्या.