परसातली हळद आणि कष्टाचे हातपाय



उसाच्या फडात दिवस काढणारा माणूस ओळखायचा असेल तर त्याचे हातपाय बघावेत. पाल्याच्या धारेने मनगटावर उठलेले ओरखडे, कूस लागून मानेला सुटलेली खाज, पाणी देताना चिखलात भिजून आणि पुन्हा उन्हात वाळून भेगाळलेल्या टाचा. उसाला खत किती, पाणी किती, यावर आपण तासन् तास बोलतो. पण ज्या हातापायांच्या जोरावर ऊस उभा राहतो त्यांची निगा मात्र राहून जाते. तो बायाबापड्यांचा विषय, नाहीतर शहरातल्या लोकांची चैन, असे म्हणून आपण सोडून देतो. टाचेच्या एका भेगेत पू झाला की आठ दिवस वावरात पाऊल टाकता येत नाही आणि औषधपाण्याचा खर्च होतो तो निराळाच.

या लेखात तीन गोष्टी सांगायच्या आहेत. परसात थोडक्या जागेत काय लावावे, त्यातून कातडीसाठी घरच्या घरी काय तयार करावे आणि घरचा उपाय कुठे थांबवून दवाखाना गाठावा. यातली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, एवढे आधीच सांगून ठेवतो.

आपल्या तालुक्याचे सोने

समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावला लोक वायगाव (हळद्या) म्हणतात ते उगीच नाही. इथल्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ‘वायगाव हळद’ हे नाव या भागाबाहेर पिकलेल्या हळदीला लावता येत नाही. गडद रंग, उग्र वास आणि कुरकुमिनचे चांगले प्रमाण ही तिची ओळख. कुरकुमिन म्हणजे हळदीला पिवळेपण देणारा घटक. सर्वसाधारण हळदीत तो दोन ते पाच टक्के असतो, वायगावच्या हळदीत सहा टक्क्यांच्या आसपास सांगतात.

हा कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. आपल्या आजीने हळद कधी नुसत्या पाण्यात कालवली नाही, तेलात नाहीतर सायीत कालवली, त्यात हे शहाणपण होते. कातडीची सूज आणि लाली कमी करण्याचा गुण त्यात असल्याचे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. मात्र गुण असणे वेगळे आणि ते पक्के औषध असणे वेगळे.

याच हळदीवरून एक मोठा तंटा झाला होता. १९९५ साली अमेरिकेत ‘जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर’ या गोष्टीचे पेटंट दोघा संशोधकांच्या नावे देण्यात आले. आपल्या घरात जे पिढ्यान् पिढ्या चालत आले ते तिकडे नवा शोध म्हणून नोंदले गेले! भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, त्याला हरकत घेतली आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. कशाच्या जोरावर? ‘आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे’ एवढे म्हणून भागले नाही. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेख, असे लेखी पुरावे पुढे ठेवावे लागले. हा मुद्दा ध्यानात ठेवा, शेवटी त्याचे काम आहे.

परसातील तीन कामे

१) हळदीचा गादीवाफा. सहा फूट लांब, तीन फूट रुंद जागा पुरे. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि पाणी साचले की हळदीचा कंद कुजतो. म्हणून वाफा वीतभर उंच करावा. त्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत, फूटभर अंतराने, दोन इंच खोल, डोळा वर करून गड्डे लावावेत. अशा वाफ्यात अठरा गड्डे बसतात. एक गड्डा पन्नास ग्रॅमचा धरला तर किलोभर बेणे पुरते. वरून उसाचे पाचट पसरावे. वावरात आपण ज्या पाचटाला काडी लावतो तेच इथे ओल धरते आणि तण दाबते. सात ते नऊ महिन्यांनी पाने पिवळी पडून वाळली की काढणी करावी. पुढच्या सालासाठी चांगले गड्डे बेण्याला बाजूला काढावेत.

काढलेले कंद धुऊन, बुडतील एवढ्या पाण्यात पाऊण ते एक तास उकळावेत. वर फेस येतो, हळदीचा वास सुटतो आणि काडी टोचली की सहज आत जाते, ही शिजल्याची खूण. मग दहा ते पंधरा दिवस वाळवावेत. हळकुंड मोडताना ‘कट्’ असा आवाज आला पाहिजे. लागेल तेवढेच कुटावे आणि पूड झाकणाच्या डब्यात ठेवावी, कारण उजेडाने तिचा रंग व गुण दोन्ही उतरतात.

घरची हळद हवी याला आणखी एक कारण आहे. रंग उठावा म्हणून काही ठिकाणी बाजारच्या हळदीला शिसे असलेला पिवळा रंग चोळतात. शिसे पोटात गेले तर लहान मुलांच्या मेंदूला अपाय होतो. म्हणून विकत घ्यायची वेळ आली तर फार चकाकणाऱ्या हळकुंडाला भुलू नये.

२) पुरलेला माठ. पावसाळा संपला की वाफ्याला पाणी लागते. वाफ्याच्या मधोमध एक साधा, न रंगवलेला मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरावा, पाणी भरून वर झाकण ठेवावे. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते. भोवतालची माती वाळली की जास्त आणि ओली असली की कमी. दर दोन-चार दिवसांनी माठ भरला की झाले. जुना माठ क्षाराने बुजलेला असेल तर तो पाझरत नाही, तो या कामी घेऊ नये.

३) फुटक्या रांजणात कोरफड. तळाला विटांचे तुकडे, वर माती आणि वाळू निम्मी-निम्मी. कोरफडीला पाणी कमी लागते, जास्त झाले तर ती सडते. एका रोपाला पिले फुटतात आणि वर्षभरात शेजाऱ्यालाही देता येतात.

इथे एक इशारा. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे किंवा कॅन कितीही वेळा धुतले तरी कुंडीसाठी, पाण्यासाठी किंवा मलम ठेवण्यासाठी वापरू नयेत. प्लास्टिकमध्ये मुरलेले विष धुऊन जात नाही. असे डबे भोके पाडून निकामी करावेत, म्हणजे कोणाच्या हाती लागून वापरात येणार नाहीत.

घरच्या तीन कृती

वर्धेला मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. घाणीचे तेल, गूळ, हातकागद, मधमाशा, साबण असे उद्योग गावातल्या मालावर गावातच चालावेत, हा जे. सी. कुमारप्पांचा आणि गांधीजींचा आग्रह होता. खाली दिलेल्या कृती त्याच जातीच्या आहेत. लागणारा बहुतेक माल घरात नाहीतर गावात मिळतो.

अंग धुण्याचे पीठ. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ चार चमचे, संत्र्याची वाळवलेली साल कुटून एक चमचा, हळद पाव चमचा. कोरडेच डब्यात भरून ठेवावे आणि आंघोळीच्या वेळी हवे तेवढे पाण्यात किंवा दुधात कालवावे. ओले केलेले पीठ ठेवून दुसऱ्या दिवशी वापरू नये, ते आंबते.

साबण असताना पीठ कशाला, असे कोणी विचारील. हळदीचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावला की डाग लाल होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले आहे. साबणातल्या क्षाराने हळद लाल होते. आपली कातडी मात्र किंचित आम्ल असते. सारखा साबण चोळला की तिचे स्वतःचे तेल निघून जाते आणि ती कोरडी होऊन तडकते. डाळीच्या पिठाने हळद लाल होत नाही, करून बघा. म्हणून हात, पाय, काखा यांना साबण आणि बाकी अंगाला पीठ, अशी वाटणी करावी. फवारणी करून आल्यावर मात्र पीठ नको. त्या दिवशी सर्वांगाला साबण आणि भरपूर पाणीच पाहिजे.

टाचेचे मलम. तिळाचे किंवा खोबऱ्याचे तेल १०० ग्रॅम, हळद एक चमचा, मधमाशीचे मेण २५ ग्रॅम. मेणबत्तीचे मेण चालत नाही. पातेल्यात पाणी तापवून त्यात तेलाचे भांडे ठेवावे, तेल थेट विस्तवावर ठेवू नये. तेलात हळद घालून पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यावी, फडक्यातून गाळून घ्यावे, मग मेण घालून वितळेपर्यंत ढवळावे आणि कोरड्या डबीत ओतावे. पाण्याचा थेंबही आत जाता कामा नये. रात्री दहा मिनिटे पाय कोमट पाण्यात ठेवून, पुसून, लगेच मलम लावावे आणि जुने मोजे घालावेत. भिजलेल्या कातडीतले पाणी मेण अडवून धरते, खरा उपाय तोच आहे. आठ-पंधरा दिवस नेमाने केले तर फरक दिसतो. अंथरुणाला डाग पडतील, तेवढी तयारी ठेवावी. मलमाला खवट वास आला की ते फेकून द्यावे.

कोरफडीचा गर. पान कापून पंधरा-वीस मिनिटे उभे ठेवावे आणि पिवळा चीक गळू द्यावा. त्या चिकाने उलट खाज सुटते. मग धुऊन, साल काढून आतला पांढरा गर उन्हाने तापलेल्या किंवा कूस लागलेल्या जागी लावावा. रोज ताजाच घ्यावा.

कोणतीही नवी गोष्ट प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन दिवस थांबावे. खाज किंवा पुरळ उठले तर ती तुमच्यासाठी नाही. एकाला मानवते ते दुसऱ्याला मानवतेच असे नाही.

हात आखडावा तो इथे

आता तिसरी गोष्ट. घरच्या उपायाचा अभिमान असावा, पण त्याचा हट्ट नसावा.

भेगेत बिब्बा घालू नये. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात आणि भेग होती त्याची जखम होते.

भाजल्यावर आधी वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली जागा धरावी. हळद, शाई, दंतमंजन काही लावू नये. मोठे भाजले असेल तर तसेच दवाखान्यात न्यावे.

कोयत्याचा घाव खोल असेल तर त्यावर हळद दाबू नये. स्वच्छ फडके दाबून धरून रक्त थांबवावे, टाके पडायचे तर ते वेळेत पडले पाहिजेत. मातीशी काम करणाऱ्याला धनुर्वाताचे भय असते, म्हणून इंजेक्शनबद्दल विचारावे.

मधुमेह असलेल्यांनी टाचेची भेग घरी ठेवून बघू नये. पाय बधिर असतो, दुखत नाही आणि आत चिघळत जाते.

गजकर्ण, नायटा यांना दुकानातून आणलेली कुठलीही ट्यूब लावू नये. स्टिरॉइड असलेल्या मलमाने चार दिवस बरे वाटते, मग तो दुपटीने पसरतो.

आणि कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असून तिथे स्पर्श कळत नसेल तर एक दिवसही उशीर करू नये, तो कुष्ठरोग असू शकतो. मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली वर्धेजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली तेव्हा या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. आज ते आहे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेला बहुऔषधी उपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो आणि रोग पुरता बरा होतो. लाजून घरी हळद लावत बसले तर बोटे जातात. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

एक काम सभासदांकडे

पेटंटच्या तंट्यात आपण जिंकलो ते कागदावर लिहिलेले सापडले म्हणून. आपल्या घरोघरी अशा कितीतरी कृती आहेत. त्या आईच्या, सासूच्या हातात आहेत आणि हाताबरोबरच जातात. तेव्हा उसाच्या हिशेबाच्या वहीत मागची चार पाने राखून ठेवा. आईला जवळ बसवा. काय, किती आणि कसे हे मापासकट लिहून घ्या. कशाने गुण आला ते लिहा आणि कशाने अपाय झाला तेही लिहा. अपायाची नोंद गुणाच्या नोंदीपेक्षा कमी मोलाची नसते.

येत्या जूनपर्यंत परसात सहा बाय तीनचा वाफा तयार ठेवा. किलोभर बेणे वायगावचे मिळाले तर उत्तमच.