वंध्यत्व उपचार : जुळे-तिळ्यांची जोखीम कशी कमी करावी?

‘एकाच खर्चात दोन मुले झाली तर बरे,’ असे उपचार घेणाऱ्या अनेक जोडप्यांना वाटते. उपचार महाग असल्याने ते साहजिक आहे. मात्र आई आणि बाळ या दोघांसाठी एका वेळी एकच गर्भ अधिक सुरक्षित असतो.

धोके कोणते?
• आईला : उच्च रक्तदाब, गरोदरपणातील मधुमेह, रक्तक्षय, प्रसूतीनंतर जास्त रक्तस्राव.
• बाळांना : ३७ आठवड्यांपूर्वी जन्म, कमी वजन, श्वासाचा त्रास. बाळांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागल्यास खर्चही वाढतो.

जोखीम कशी कमी होते?
• आयव्हीएफ : एका वेळी एकच भ्रूण गर्भाशयात सोडावा, उरलेले चांगले भ्रूण गोठवून ठेवावेत. पहिल्यांदा यश न आल्यास गोठवलेला भ्रूण वापरता येतो. त्यामुळे संधी वाया जात नाही. क्वचित एका भ्रूणाचेही जुळे होते.
• बीज तयार होण्याच्या गोळ्या-इंजेक्शने : ही सोनोग्राफीच्या देखरेखीखालीच घ्यावीत. जास्त बीजे वाढलेली दिसल्यास डॉक्टर त्या महिन्याचा उपचार थांबवतात. हा सल्ला मानावा.

तुमचे हक्क
सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा, २०२१ नुसार क्लिनिकची नोंदणी बंधनकारक आहे. यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम आणि एकाहून अधिक गर्भ राहण्याचा धोका क्लिनिकने तुम्हाला समजावून सांगितला पाहिजे. उपचारापूर्वी लेखी संमती आवश्यक आहे. क्लिनिकमध्ये तक्रार निवारण कक्ष असणेही बंधनकारक आहे. भ्रूण जास्तीत जास्त १० वर्षे साठवता येतात.

संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी विचारा
१. किती भ्रूण सोडणार आणि का?
२. माझे वय व प्रकृती पाहता एकच भ्रूण पुरेसा आहे का?
३. भ्रूण गोठवण्याचा आणि पुन्हा सोडण्याचा खर्च किती?

जुळी राहिली असल्यास
घाबरू नका, पण लवकर नाव नोंदवा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत चौथ्या महिन्यापासून मोफत तपासणी होते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियनसह, मोफत आहे. आजारी बाळालाही १ वर्षापर्यंत मोफत उपचार मिळतात. उपचार खासगी क्लिनिकमध्ये घेतला असला, तरी या सेवा घेता येतात. जवळच्या आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारा.