घरचा कुत्रा घरीं कसा राहील?

कुत्रा हा मनुष्याचा फार पुरातन सोबती आहे. इटली देशांतील पाँपेई हें शहर इसवी सन 79 मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. पुढें तें उकरून काढल्यावर एका घराच्या प्रवेशद्वाराशीं, जमिनीवर लहान लहान दगडी तुकड्यांनीं घडविलेलें, साखळीनें बांधलेल्या कुत्र्याचें चित्र सांपडलें. त्याच्याखालीं 'कुत्र्यापासून सावध' अशा अर्थाचे दोन लॅटिन शब्द आहेत. घर राखावयास कुत्रा पाहिजे, परंतु त्या कुत्र्यासही कोणी तरी राखिलें पाहिजे, ही गोष्ट त्या काळच्या लोकांस ठाऊक होती, असें ह्यावरून दिसतें.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं आज मोठ्या जातीचे कुत्रे आहेत. कोणाकडे जर्मन शेफर्ड, कोणाकडे लॅब्रडॉर, तर मळ्यांत राहणाऱ्यांकडे आपल्या दख्खनचा चपळ कारवान. हे प्राणी प्रेमळ व इमानी खरे. परंतु त्यांपैकीं एखाद्यास आवारांतून निसटण्याची खोड लागली म्हणजे सर्व घराची झोंप उडते. अशा कुत्र्यास बाहेर मोकळ्या हवेंत, पण सुरक्षित, कसें ठेवावें ह्याविषयीं चार उपयुक्त गोष्टी ह्या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, मोठा कुत्रा सुटणें ही हंसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. तो रस्त्यावर मोटारीखालीं सांपडतो. त्याला चुकवितांना सायकलीवरचा किंवा फटफटीवरचा मनुष्य पडतो. तो खेळाच्या भरांत लहान मुलाच्या अंगावर उडी घेतो आणि मूल डोक्यावर आपटतें. तो चावला तर रेबीज अथवा जलसंत्रास ह्या भयंकर रोगाचें भय असतें. ह्या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे मनुष्य बहुधा वांचत नाहीं. लुई पाश्चर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें 1885 सालीं प्रथम एका मुलास ह्या रोगाची लस टोंचून त्यास वांचविलें. लस आहे म्हणून निष्काळजी राहावें असें मात्र नव्हे. कुत्र्यास प्रतिबंधक लस वेळच्या वेळीं टोंचून घ्यावी. कोणास कुत्रा चावलाच तर जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुऊन विनाविलंब दवाखाना गांठावा.

आतां कुत्रा पळतो तरी कां? पुष्कळांची समजूत अशी कीं तो कृतघ्न किंवा हट्टी असतो. ही समजूत चुकीची आहे. कुत्रा पळतो त्याला कारणें असतात. दिवसभर एकटा पडल्यामुळें तो कंटाळतो. मांजर, खार अथवा कोंबडी दिसली कीं शिकारीची उपजत वृत्ति उसळते. फटाक्यांच्या व मेघगर्जनेच्या आवाजानें तो बावरतो. आणि वयांत आलेला नर मादीच्या वासानें मैलोगणती भटकतो. हें शेवटचें कारण असेल तर पशुवैद्याच्या सल्ल्यानें नसबंदी करविल्यानें भटकणें पुष्कळ अंशीं कमी होतें. कारण न शोधतां केवळ भिंत उंच करीत जाणें म्हणजे तापाचें मूळ न पाहतां कपाळावर पट्ट्या ठेवीत बसण्यासारखें आहे.

ह्या संबंधांत टोगो नांवाच्या कुत्र्याची हकीकत बोधप्रद आहे. अलास्का हा उत्तर अमेरिकेंतील अत्यंत थंड प्रदेश. तेथें लिओनहार्ड सेपाला हा नॉर्वेंत जन्मलेला गृहस्थ बर्फावरच्या गाड्या ओढणारे सायबेरियन हस्की जातीचे कुत्रे बाळगीत असे. टोगो हें त्यांतलेंच एक खोडकर पिलूं. तें गाडीच्या कामाचें नाहीं असें वाटून सेपालानें तें एका घरीं देऊन टाकिलें. तेथें त्याचे लाड होत. परंतु थोड्याच दिवसांत त्यानें बंद खिडकीच्या कांचेंतून उडी घेतली आणि मैलोगणती धांवत तें परत आलें. पुढें सेपाला गाडी घेऊन गेला असतां ह्या बहाद्दरानें सात फूट उंच कुंपण ओलांडण्याचा प्रयत्न केला. त्यांत त्याचा मागचा पाय तारेच्या जाळींत अडकून तो लोंबकळत राहिला. सुटका होतांच तो पुन्हा गाडीच्या मागें धांवला! शेवटीं सेपालानें त्यास इतर कुत्र्यांबरोबर गाडीस जुंपिलें, आणि पाहतो तों हा उनाड प्राणी अव्वल दर्जाचा पुढारी ठरला. 1925 सालीं नोम गांवीं घटसर्पाची साथ आली, तेव्हां औषध कुत्र्यांच्या गाड्यांनीं टप्प्याटप्प्यानें 674 मैल नेण्यांत आलें. त्या कामगिरींत टोगोच्या तुकडीनें जाऊन येऊन अडीचशे मैलांहून अधिक अंतर कापलें; इतका पल्ला दुसऱ्या कोणत्याही तुकडीनें कापला नाहीं.

ह्या हकीकतींत दोन गोष्टी दिसून येतात. एक, सात फुटांची जाळीही मन पेटलेल्या कुत्र्यास थांबवील असें नाहीं, उलट तींत पाय अडकून त्याचा जीव जाण्याचा संभव असतो. दुसरी, ज्याच्या अंगीं धांवण्याची शक्ति आहे त्यास धांवण्याचें काम मिळालें पाहिजे. म्हणून मोठ्या कुत्र्यास सकाळीं व संध्याकाळीं, ऊन नसतांना, गळ्यांत पट्टा घालून चांगलें लांब फिरवून आणावें. दमलेला व तृप्त कुत्रा आवारांत स्वस्थ पडतो. हें काम टाळणाऱ्याचें कुंपण कितीही भक्कम असलें तरी अपुरें आहे.

आतां कुंपणाचा विचार करूं. कुत्रा चार वाटांनीं निसटतो: वरून उडी मारून, जाळीवर चढून, खालून उकरून, आणि फाटकांतून. आपला कुत्रा कोणत्या वाटेनें जातो हें प्रथम लपून पाहावें, कारण प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

उडी मारणाऱ्यासाठीं कुंपण निदान सहा फूट उंच असावें, आणि त्याचा माथा आंतल्या बाजूस तिरपा वळवावा, म्हणजे उडी घेणाऱ्यास वर आडोसा दिसतो. कुंपणालगत लांकडांची रास, पाण्याची टांकी किंवा कुत्र्याचें घर ठेवूं नये. तीं त्याला पायऱ्या होतात. चढणाऱ्यास जाळीच्या चौकटींत पंजे रोवावयास सांपडतात, म्हणून तेथें खालचा भाग गुळगुळीत पत्र्यानें झांकावा. त्यामुळें रस्त्यावरचीं माणसें व जनावरेंही दिसेनाशीं होतात आणि कुत्र्याचें डिवचलें जाणें कमी होतें. भिंतीच्या माथ्यावर फुटक्या कांचा रोवण्याची किंवा काटेरी तार ओढण्याची आपल्याकडे चाल आहे. उसळलेला कुत्रा त्यांस भीत नाहीं, मात्र त्याचें पोट व पाय फाटतात. हा उपाय सर्वथा टाळावा.

उकरणाऱ्यासाठीं एक सोपी युक्ति आहे. कुंपणाच्या तळाशीं आंतल्या बाजूनें दीड-दोन फूट रुंदीची मजबूत जाळी जमिनीवर आडवी पसरावी, ती कुंपणास तारेनें घट्ट बांधावी आणि तीवर माती व दगड घालावे. कुत्रा नेहमीं कुंपणाच्या अगदीं पायथ्याशीं उकरूं लागतो. तेथें पंजाला जाळी लागली कीं तो नाद सोडतो. मागें सरून दोन फुटांवरून भुयार खणावें हें त्याला सहसा सुचत नाहीं.

फाटकाविषयीं विशेष सांगणें आहे. कुंपण कितीही चांगलें असलें तरी फाटक उघडें राहिल्यास सर्व व्यर्थ. साधी वर उचलावयाची कडी हुषार कुत्रा नाकानें उघडतो. म्हणून कडींत खिट्टी किंवा कुलूप घालण्याची सोय असावी. जागा असल्यास एकापुढें एक अशीं दोन फाटकें करावीं, आणि एक बंद केल्याशिवाय दुसरें उघडूं नये. फाटकाखालची फट हाताच्या पंजापेक्षां मोठी नसावी.

ज्यांच्या आवारास पक्कें कुंपण घालणें परवडत नाहीं त्यांनीं निदान एक मजबूत पिंजरेवजा कोंडवाडा करावा. मोठ्या कुत्र्यासाठीं तो दहा फूट रुंद व वीस फूट लांब असला तर बरा. अलीकडे जमिनींत तार पुरून, कुत्रा तिच्याजवळ जातांच गळपट्ट्यांतून विजेचा झटका देणारें साधनही विकत मिळतें. परंतु सशामागें लागलेला कुत्रा तो झटका सोसून पार होतो, आणि मग त्याच झटक्याच्या भीतीनें घरीं परत येत नाहीं. शिवाय बाहेरून येणाऱ्या जनावरास त्यानें कांहींच अटकाव होत नाहीं.

साखळी हा पुष्कळांचा पहिला उपाय. आमच्या मतें तो शेवटचा असावा, आणि तोही थोड्या वेळापुरता. सतत बांधलेला कुत्रा चिडखोर होतो. भिंतीजवळ बांधलेला कुत्रा भिंतीवरून उडी घेतो आणि पलीकडे गळफांस लागून लटकतो. म्हणून बांधावेंच लागलें तर भिंत, झाड व जिना ह्यांपासून साखळीच्या लांबीपेक्षां अधिक अंतरावर बांधावें. साखळीस गरगर फिरणारी कडी असावी, म्हणजे पीळ पडत नाहीं. आणि ओढतांच आवळणारा फांसाचा पट्टा बांधलेल्या कुत्र्याच्या गळ्यांत कधींही ठेवूं नये.

आपल्या देशांत आणखी दोन शत्रू आहेत. एक ऊन. मनुष्याप्रमाणें कुत्र्याच्या सर्वांगास घाम येत नाहीं; तो मुख्यतः जीभ बाहेर काढून धापा टाकीत अंग थंड करितो. म्हणून आवारांत दिवसभर टिकणारी सावली व न कलंडणाऱ्या भांड्यांत भरपूर पाणी पाहिजे. तापलेल्या पत्र्याचें छप्पर सावली देतें खरें, पण भट्टीही करितें. त्यावर गवत किंवा पाचट पसरावें. कुत्रा सारखा धापा टाकूं लागला, लाळ गाळूं लागला व झोंक जाऊं लागला तर तो ऊन लागल्याचा इशारा समजून त्याला सावलींत न्यावें, अंगावर साधें पाणी ओतून वारा घालावा आणि पशुवैद्याकडे न्यावें.

दुसरा शत्रु बिबट्या. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत वन्यप्राणिशास्त्रज्ञांनीं केलेला अभ्यास 2014 सालीं प्रसिद्ध झाला. तेथील बिबट्यांच्या भक्ष्यांत पाळीव व गांवठी कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा आढळला. उसाच्या मळ्याशेजारीं रात्रीं कुत्रा साखळीनें बांधून ठेवणें म्हणजे त्याचे पाय बांधून त्यास वाघापुढें टाकणें होय. अशा गांवीं कोंडवाड्यास वरूनही जाळी पाहिजे, किंवा कुत्र्यास रात्रीं घरांतच घ्यावें.

कायदाही ह्या बाबतींत मुका नाहीं. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमाच्या 11 व्या कलमान्वयें जनावरास अवाजवी आंखूड किंवा जड साखळीनें अवाजवी काळ बांधणें, आणि नेहमीं बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्यास व्यायाम न देणें हे गुन्हे आहेत. उलटपक्षीं, 1 जुलै 2024 पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या 291 व्या कलमान्वयें, आपल्या ताब्यांतील जनावरापासून मनुष्याच्या जिवास धोका किंवा जबर दुखापत होऊं नये म्हणून पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. म्हणजे कुत्र्याचेही हक्क आहेत व शेजाऱ्याचेही.

पवित्र शास्त्राच्या वाचकांस ह्यांत नवें कांहीं वाटणार नाहीं. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायांत मारक्या बैलाविषयीं नियम आहे. बैल मारका आहे हें धन्यास कळविलें असूनही त्यानें त्यास आवरून ठेविलें नाहीं व मनुष्य मेला, तर दोष धन्याच्या माथीं येतो. पूर्वीं ठाऊक नसलेल्या आणि ठाऊक असूनही उपेक्षिलेल्या धोक्यांत तेथें स्पष्ट भेद केला आहे. जो कुत्रा एकदां पळाला त्याचा धनी दुसऱ्या खेपेस 'मला माहीत नव्हतें' असें म्हणूं शकत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, ह्या कामीं तुमचा वाटा मोठा आहे. शाळेस निघण्याच्या घाईंत फाटक उघडें टाकणारा बहुधा तुमच्यापैकींच कोणी असतो! फाटक लावून कडी घातली कीं हातानें एकदां ओढून पाहण्याची संवय लावा. आठवड्यांतून एकदां कुंपणाभोंवतीं फेरी मारून सैल तार, उकरलेली माती व गंजलेली जाळी वडिलांच्या नजरेस आणा. दिवाळींत फटाके सुरू होण्यापूर्वींच कुत्र्यास आंतल्या खोलींत घ्या. गळपट्ट्यावर दूरध्वनीचा क्रमांक कोरलेली चकती असूं द्या. इतकें करूनही तो निसटलाच तर आरडाओरड करीत पाठलाग करूं नका; त्याला तो खेळ वाटतो. उलट दिशेनें चालूं लागा, खालीं बसून गोड आवाजानें हांक मारा, आवडीचा खाऊ दाखवा. आणि परत आल्यावर त्यास कदापि मारूं नका. नाहीं तर घरीं येण्याबद्दलच शिक्षा मिळते असें तो समजेल.

पालकांस एवढीच विनंती कीं, मोठा कुत्रा घेण्यापूर्वीं आपलें आवार, आपला वेळ व आपली ऐपत ह्यांचा आधीं हिशेब करावा. पिलूं घरीं आणावयास एक दिवस लागतो. त्याला सांभाळण्याचें काम पुढें दहा-बारा वर्षें रोज करावें लागतें, आणि तें घरांतील सर्वांनीं वांटून घेतलें तरच नीट पार पडतें.