संध्याकाळी साडेसहाची ‘गुड मॉर्निंग’

नाइट शिफ्टचा अलाउन्स सॅलरी स्लिपवर दिसतो. त्याच्या बदल्यात जे जातं, ते कुठल्याच स्लिपवर येत नाही. मग त्याचा हिशेब मागायचा कसा?

हिंजवडी, मगरपट्टा, खराडी... संध्याकाळी सहानंतर या भागातले रस्ते नीट बघा. एका बाजूने घरी निघालेल्या बाइक्स आणि बसेस, दुसऱ्या बाजूने ऑफिसकडे येणाऱ्या कॅब्स. एका गर्दीचा दिवस संपलाय, दुसऱ्या गर्दीचा अजून सुरूच व्हायचाय. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. हेडफोन लावायचा, आवाजात फ्रेशनेस आणायचा आणि म्हणायचं, ‘गुड मॉर्निंग!’

त्यातही गंमत म्हणजे हे साडेसहा वर्षभर साडेसहा राहत नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका घड्याळ तासभर मागे करते आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे. आपलं भारतीय घड्याळ जागचं हलत नाही, पण पिंपळे सौदागरच्या टू बीएचकेमध्ये कॅबची वेळ बदलते, डबेवाल्या काकूंना नवी वेळ सांगावी लागते, जिमचा स्लॉट हुकतो. घड्याळ त्यांचं, धावपळ आपली!

मी फ्रीलान्सर. माझ्या कामाला शिफ्ट नसते, डेडलाइन असते. पण गेली तीन वर्षं मी दोन नाइट शिफ्टवाल्या मुलींबरोबर फ्लॅट शेअर करतेय. एक इन्शुरन्सचे क्लेम्स तपासते, दुसरी एका बँकेच्या सर्व्हर्सवर लक्ष ठेवते. आमचं निम्मं बोलणं फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांमधून होतं. ‘दूध संपलंय’, ‘गॅसवाला येणार आहे’, ‘प्लीज मिक्सर लावू नकोस’. तिघींनी एकत्र बसून जेवायचं तर आठवडाभर आधी ठरवावं लागतं.

फायदे आहेत, बॉस!

उगाच रडगाणं नको. नाइट शिफ्टचे फायदे खरे आहेत. वरचा अलाउन्स मिळतो. हिंजवडीचा कुप्रसिद्ध ट्रॅफिक लागत नाही. बँक, आरटीओ, पासपोर्ट ऑफिस अशी कामं सुट्टी न टाकता उरकतात. लहान गावातून आलेल्या, कॅम्पस प्लेसमेंट न मिळालेल्या अनेकांना तर कॉर्पोरेटचं पहिलं दार रात्रीच उघडतं. माझी क्लेम्सवाली रूममेट याच पगारातून धाकट्या भावाच्या इंजिनीअरिंगची फी भरते. तिला कुणी ‘अगं, सोड ना ती नोकरी’ असं म्हटलं की ती फक्त हसते. आणि पहाटे सुटणाऱ्यांना नळ स्टॉपचे गरमागरम पोहे मिळतात, तो बोनस वेगळाच!

बॉडीचा बॉस वेगळा

पण शरीर आपली रोस्टर शीट वाचत नाही. त्याचं स्वतःचं घड्याळ असतं आणि ते मुख्यतः उजेडावर चालतं. हे घड्याळ पेशींच्या आत नेमकं कसं चालतं, हे शोधणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. पहाटे शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं, डोळे मिटायला लागतात. आणि नेमक्या त्याच वेळी आपण व्हेंडिंग मशीनसमोर उभे असतो. कॉफीचं गणितही समजून घ्या. प्यायलेल्या कॅफिनपैकी साधारण निम्मं पाच तासांनंतरही शरीरात असतं. म्हणजे पहाटे तीनच्या कपाचा अर्धा कप सकाळी आठला तुमच्याबरोबर अंथरुणात!

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराचं घड्याळ बिघडवणारी शिफ्टची कामं ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकली आणि २०१९ मध्ये नाइट शिफ्टबद्दल तोच निष्कर्ष कायम ठेवला. याचा अर्थ रात्री काम करणाऱ्या प्रत्येकाला कॅन्सर होतो, असा अजिबात नाही. पण ‘सवय होते रे हळूहळू’ या फंड्यावर किती विसंबायचं, याचा विचार जरूर करा.

रविवार नेमका कुणाचा?

झोपेबद्दल सगळेच बोलतात. मला जास्त टोचतं ते दुसरंच. मंगळवार-बुधवार वीकली ऑफ मिळाला की सुट्टी मिळते, पण त्या सुट्टीत भेटायला कुणीच नसतं. मित्र ऑफिसात, आई शाळेत शिकवायला गेलेली, भाऊ कॉलेजात. थँक्सगिव्हिंगला सुट्टी आणि लक्ष्मीपूजनाला लॉगइन. बहिणीचं केळवण व्हिडिओ कॉलवर बघायचं. आणि दुपारी झोपावं तर भंगारवाला, कुकरच्या शिट्ट्या आणि वरच्या मजल्यावरचं ड्रिल मशीन!

एका रविवारी सर्व्हरवालीचे बाबा साताऱ्याहून भेटायला आले. ती सकाळी सातला येऊन झोपली होती. मी उठवायला निघाले तर म्हणाले, “राहू दे बेटा, झोपू दे तिला.” डोअरबेल वाजू नये म्हणून त्यांनी दार नुसतं लोटून ठेवलं आणि चार तास हॉलमध्ये पेपर वाचत बसले. ती उठली तेव्हा त्यांच्या एसटीला वेळ झाली होती. बापलेकीचं बोलणं झालं जेमतेम वीस मिनिटं.

तिने नोकरी सोडली नाही. पण त्याच आठवड्यात मॅनेजरकडे जाऊन महिन्यातला एक रविवार फिक्स मागून घेतला, तोही ईमेलवर. तेव्हा मला कळलं की नाइट शिफ्टमध्ये आपण नुसते आठ-नऊ तास विकत नाही. आपल्या माणसांबरोबर जागं असण्याची वेळ विकतो. आणि विकायचीच, तर किंमत आणि मुदत आपणही सांगायला हवी.

भोंगा सगळ्यांचा होता

रात्रपाळी मराठी माणसाला काही नवी नाही. मुंबईच्या गिरणगावात पिढ्यान्‌पिढ्या पाळ्यांवर जगल्या. एकाच खोलीत कामगार पाळीपाळीने झोपायचे आणि खाणावळवाल्या बायका त्यांच्या वेळा सांभाळून रांधायच्या. याच बायकांना संघटित करत प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. कष्ट भयंकर होते. पण भोंगा झाला की अख्खी चाळ जागी व्हायची, पाळीवर निघायला शेजारीपाजारी सोबतीला असायचे. आपल्याकडे प्रत्येकाचा भोंगा वेगळा, तोही मोबाइलवर, व्हायब्रेट मोडमध्ये.

कॅब, कायदा आणि आपण

नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात नाइट शिफ्टला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीवर कंपनीच्या कॅबच्या ड्रायव्हरने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला. कॅबमध्ये गार्ड आहे का, मुलगी शेवटचा ड्रॉप तर नाही ना, हे प्रश्न कटकटीचे वाटले तरी त्यांच्यामागे असा इतिहास आहे.

महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार स्त्री कर्मचाऱ्याला तिच्या संमतीशिवाय रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत कामाला लावता येत नाही. संमती दिली तर तिच्या सुरक्षिततेची आणि घरापर्यंतच्या वाहनाची सोय मालकाने करायची. शिवाय आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी स्त्री-पुरुष सगळ्याच कामगारांना. ती नाकारली, तर दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी द्यावी लागते.

सही करण्याआधी...

* शिफ्ट रोटेट होणार की कायम रात्रीची? किती महिन्यांनी बदलता येईल?

* महिन्यातून किमान एक शनिवार-रविवार मिळेल का? तोंडी आश्वासन नको, ईमेल हवा.

* अलाउन्स बेसिकमध्ये धरलाय की वेगळा? शिफ्ट बदलली की तो जाईल. त्यामुळे ईएमआय ठरवताना तो धरू नका.

* दिवाळी-गणपतीच्या सुट्ट्या कोण ठरवणार, इथलं कॅलेंडर की तिथलं?

* वीकेंडला दुसरा जॉब करायचाय? आधी ऑफर लेटर वाचा. विप्रोने २०२२ मध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना काढून टाकलं होतं. आणि कायद्याने मिळालेला विश्रांतीचा दिवस आपणच विकतोय का, हेही एकदा तपासा.

* सकाळी घरी येताना गॉगल, खोलीला जाड पडदे आणि शेवटची कॉफी शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यातच.

* किती वर्षं करणार? आकडा ठरवा आणि घरी सांगून ठेवा. तुम्ही विसरलात तरी आई विसरणार नाही!